तानाबाईच्या नावाचं पाणी

नानाजींनी तिसरा रांजणही रस्त्याकडेच्या नालीत आडवा केला. चैत्रातलं ऊन अकरालाच डोकं भाजत होतं. फाट्यावर राळेगावच्या बसची वाट पाहणारी दोन माणसं वाहून जाणाऱ्या पाण्याकडे बघत राहिली.

"बुढा येडा झाला का?" एकजण पुटपुटला.

वेड लागायचंच काय ते बाकी होतं. सकाळी गावची आशा सेविका वर्षा पाण्याचा अहवाल घेऊन आली होती. बोअरच्या पाण्यात फ्लोराईड फार. पिऊ नका, पाजू नका. दात डागाळतात, हाडं वाकतात.

तानाबाई गेली त्या वर्षी उन्हाळा असा तापला की विहीर होळीलाच आटली. नानाजींनी साडेतीनशे फूट बोअर मारली आणि बायकोच्या नावानं इथं पाणपोई घातली. तहानलेल्याला पाजावं, यासारखं पुण्य नाही, असं ती म्हणायची. सात उन्हाळे त्यांनी एका दिवसाचा खाडा केला नाही. घरातही तेच पाणी. गुडघे धरतात ते वयानं, असं ते समजत होते.

आता ते पाणपोईच्या पाटीवरचं तिचं नाव विटेच्या तुकड्यानं घासू लागले.

सकाळची शाळा सुटून नात आली. खुशी सातवीत होती. बोलताना तोंडावर हात धरायची तिची सवय.

"आजीचं नाव काहून खोडून राह्यले, आबाजी?"

"या पाण्यावर तिचं नाव नको." ते थांबले. "दात दाखव पाहू."

तिनं हात काढला नाही. त्यांनीच तो हळूच बाजूला केला. समोरच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. एका घरात राहून त्यांनी ते कधी पाहिले नव्हते.

"मॅडमनं असेच दात फोटोत दाखवले होते," खुशी म्हणाली. "बोअरच्या पाण्यानं होते म्हने. पाचवीत होती मी तवा."

"दोन वर्सं झाले. मले सांगतलं काहून नाही?"

"पाणपोई बंद झाली असती न. आजी गेल्यावर तुमी जेवतच नव्हते. हे चालू केली तवा जेवाले लागले, आई सांगते."

नानाजींना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही.

बस आली. खिडकीतून एका बाईनं रिकामी बाटली पुढं केली.

"नानाजी, पाणी द्या न."

खुशीच खिडकीखाली गेली.

"इथलं पाणी प्याचं नाही, मावशी," ती म्हणाली. मग तोंडावर हात न धरता तिनं आपले दात दाखवले.