स्टुलालाही दोष

कॉलेजच्या फाटकाबाहेर एवढी गर्दी मी निकालाच्या दिवशीही पाहिली नव्हती. मधोमध निर्मळबुवा, समोर पाण्यानं भरलेली पांढरी परात. मुलगी पुढे आली की बुवा तिच्या हाताला मंतरलेली भुकटी चोळत, हात बुडवायला लावत आणि पाणी गुलाबी होई!

"दिसला दोष? हाच पुढे गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होतो," बुवा डोळे मिटून सांगत. मग लिंबू पिळलं की पाणी पुन्हा स्वच्छ. "उतरला! आता लस नको. सुईनं दोष रक्तात अडकतो."

आत हाच कर्करोग रोखणाऱ्या एचपीव्ही लसीचं शिबिर होतं आणि नर्सबाई माश्या मारत बसल्या होत्या. सकाळपासून चाळीस मुलींनी यादीतली नावं खोडली होती. त्यांत माझी भाची. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, याच रोगानं गेली. माझं टाळकंच फिरलं.

मी याच कॉलेजच्या प्रयोगशाळेतला मदतनीस, वीस वर्षं काचेची भांडी धुतोय. गंमत म्हणजे रांगेतल्या निम्म्या मुली रसायनशास्त्राच्या! दर गुरुवारी हाच गुलाबी रंग बघतात. पण काचेच्या भांड्यात दिसला तर निरीक्षण, बुवाच्या परातीत दिसला तर साक्षात्कार.

मी प्रयोगशाळेतलं लाकडी स्टूल उचललं आणि थेट बुवांसमोर ठेवलं.

"बुवा, याला तपासा. फार दिवस कुरकुरतंय."

"चेष्टा करतोस?"

"छे हो, श्रद्धेनं आणलंय!" बुवा सावरायच्या आत मी स्टुलाच्या पायाला भुकटी फासून तो परातीत बुडवला. पाणी गुलाबी!

"अरेरे, स्टुलालाही गर्भाशयाचा दोष!"

एकच हशा पिकला. भाची मात्र हसली नाही. तिनं ओल्या बोटांत भुकटी चोळून पाहिली.

"बुळबुळीत आहे. धुण्याचा सोडा हा! पाण्यात फिनॉल्फ्थॅलिन घातलंय, मामा. सोड्यानं गुलाबी होतं, लिंबाच्या आम्लानं रंग जातो." तिचे कान लाल झाले. "दर आठवड्याला करते मी हे. तरी हात जोडले."

"घाबरल्यावर शिकलेलं आठवत नाही गं."

तोवर बुवांनी काढता पाय घेतला होता.

आत शिबिरात नर्सबाईंनी सगळं सरळ सांगितलं. "हा रोग बहुतेक वेळा एका विषाणूमुळे होतो. त्याच्या घातक प्रकारांपासून लस वाचवते. दंड दुखेल, थोडी कणकण येईल. लस घेतली तरी पुढे तपासण्या चुकवायच्या नाहीत. आणि मुलांनो, लस तुमच्यासाठीही आहे बरं का!"

"आईच्या वेळी होती ही?" भाचीनं मला विचारलं.

"आपल्यापर्यंत पोचली नव्हती."

तिनं बाही वर केली. मी तोंड फिरवलं. सुईची भीती वाटते असं सगळ्यांना सांगितलं, पण मला बहीण आठवत होती.

बाबांनो, चमत्कार दिसला की आधी विचारा, हे झालं कसं? लसीबद्दलही डॉक्टरांना हवं तेवढं विचारा. जाणकार उत्तर देतो, भोंदू पळ काढतो. आणि पटलं की बाही वर करा. माझ्या बहिणीला ती संधी मिळाली नाही.