काळ्या पिशवीतल्या गोळ्या

भिंतीला कान असतात, पण सरकारी दवाखान्याच्या खिडकीला तोंडही असतं, असं पळसदेवच्या धोंडाबाईचं ठाम मत होतं. नवरा जाताना तिला एचआयव्ही देऊन गेला होता. त्या खिडकीवर गोळ्या फुकट मिळायच्या. पण एकदा रांगेत गावातली ओळखीची बाई दिसली, आणि धोंडाबाईनं तोंडावर पदर ओढून थेट एसटी स्टँड गाठलं. नकोच त्या गोळ्या, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. मग दवाखान्यानंच इंदापुरातल्या हिंदुरावांच्या मेडिकलमधून गोळ्या द्यायची सोय केली. मेडिकलमध्ये काय, डोकं दुखलं तरी माणूस जातो. सुंठीवाचून खोकला गेला.

हिंदुराव भला माणूस, पण एकमार्गी. बायकांनी लपवून न्यायची वस्तू म्हणजे पॅड, आणि पॅड म्हणजे वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत, हा त्यांच्या दुकानाचा नेम. धोंडाबाईची गोळ्यांची बाटलीही ते तशीच बांधून द्यायचे. दुकानातली गिऱ्हाईकं लगेच दुसरीकडं बघायची. घरात सूनही आहे, हे मात्र दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

एका दुपारी भेंडी निवडता निवडता प्रगतीनं, म्हणजे सुनेनं, विचारलं, "आत्या, तुमची पाळी जाऊन किती वर्सं झाली. मग ही काळी पिशवी कुणासाठी आणता?"

धोंडाबाईनं खाली बघितलं. मांडीवर नातू झोपला होता. आता ही उठणार आणि पोराला उचलून नेणार, एवढंच तिला दिसत होतं. पण खोटं बोलायचाही आता कंटाळा आला होता. तिनं सगळं सांगून टाकलं.

"न्यायचं आसंल तर ने त्याला," ती म्हणाली. "मी काय बोलणार न्हाय."

प्रगती उठली. पोराच्या तोंडावरची माशी तिनं पदरानं हाकलली आणि परत भेंडीपाशी येऊन बसली.

"मांडीवर घेतल्यानं लागत न्हाय ते. बाळंतपणाआधी माझीबी तपासणी केली व्हती, तवा नर्सबाईनं समदं सांगितलंय."

धोंडाबाईला रडू आवरेना. प्रगतीनं तिला रडू दिलं. टोपली भरत आली, तेव्हा ती म्हणाली, "पिशवी मातूर आता तुमी आणू नका. आज मी इचारलं, उद्या शेजारची म्हाळसा इचारंल. हिंदुरावांना सांगून ठेवा, सून येईल म्हणून. माझ्या हातात काळी पिशवी बघून कोण काय म्हणतंय?"