परक्या शहरात विचारतात तसं

कपाच्या कानाकडे पाहिलं की कपावरचं फूल दिसायचं. फुलाकडे पाहिलं की फूल नाही, त्या जागी वाफेसारखं काहीतरी... म्हणून नीलांबरी कानाकडे पाहत चहा पीत होती. दोन्ही डोळ्यांच्या नजरेचा मधला भाग हळूहळू जातो आहे, कडा राहतील, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आणि गाडी चालवणं त्याच दिवशी बंद. कडा राहतील. भाकरी मधोमध करपली तरी कडेचं खाता येतं, तसं.

"मी सकाळची मीटिंग कॅन्सल करतो यार," देवदत्त म्हणाला. आता नवऱ्याचा चेहरा पाहायचा तर त्याच्या खांद्याकडे पाहावं लागे. "सोडतो तुला ऑफिसला."

"आणि तू टूरवर असशील तेव्हा?"

"तेव्हा बघू. नीलू, मी परत तेच म्हणतोय. सोड ना ही नोकरी. माझ्या पगारात भागतं आपलं."

"आज एकटी जाऊन येते, बसने. नाही जमलं तर तू म्हणतोस तसं. राजीनामा देते."

"मॉम, यू डोंट हॅव टू प्रूव्ह एनीथिंग," आन्या म्हणाली. सोळा वर्षांची मुलगी, आणि आवाजात साठ वर्षांची समजूत.

"तू दूध संपव आधी."

बोलून गेली खरी. पण जिना उतरताना कठडा तिने जरा जास्तच घट्ट धरला. ऑफिसात अजून कुणाला काही सांगितलं नव्हतं. घरातही ती म्हणे, डोळ्यांचं जरा चालू आहे. जरा.

फ्रीमाँटमधला बसथांबा म्हणजे नुसता एक खांब. घरापासून इतका जवळ, की गाडीतून तो तिला कधी दिसलाच नव्हता. इथून बसने बार्ट या लोकलचं स्टेशन, तिथून ट्रेन, मग थोडं चालणं. वर्षानुवर्षं हे अंतर तिने फ्रीवेवरून कापलं, एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्या हाताने सफरचंद... पहिली बस आली. कपाळावर केशरी नंबर असणार. तिने आरशाकडे पाहिलं, मग वायपरकडे, पण नंबर नजरेखालून मासोळीसारखा निसटत राहिला. दार उघडलं. ड्रायव्हर थांबला. आणि ती खाली मान घालून पर्समध्ये काहीतरी शोधू लागली, नसलेलंच काहीतरी, दार बंद होईपर्यंत. बस गेली. एवढंच तर विचारायचं होतं, ही कुठली बस—

—हे चीनमधल्या चोंगछिंगमध्ये ती कुणालाही विचारायची. करोनाच्या आधीची वर्षं. कंपनीचे लॅपटॉप तिथल्या कारखान्यात बनायचे, आणि तपासणीसाठी नीलांबरी महिना महिना तिथे राहायची. एक अक्षर वाचता येत नव्हतं. पिवळ्या टॅक्सीच्या ड्रायव्हरला हॉटेलचं कार्ड दाखवायचं. तो ते हात लांब करून वाचणार, चष्मा घरी विसरलेला, मग सिग्नलला शेजारच्या टॅक्सीवाल्याला दाखवणार, आणि दोघं हसणार—तिला, की हॉटेलला, कोण जाणे. फोनवरून बोलावलेली टॅक्सी असेल तर बसल्या बसल्या ड्रायव्हर प्रवाशाच्या फोन नंबरातले शेवटचे चार आकडे विचारायचा. ते चार तिने चिनीत पाठ केले होते, शाळेतल्या मुलीसारखे म्हणून दाखवायची, आणि गाडी सुटायची. मेट्रोत शिरताना पिशवी तपासणीच्या पट्ट्यावर. बाटली दिसली की पहारेकरीण खुणेनं सांगायची, एक घोट पी. प्यायली की पाणीही निर्दोष आणि बाईही. स्टेशनांची नावं वाचता येत नव्हती, म्हणून एक स्टेशन लोणच्याच्या वासाचं होतं, एकात जमिनीखालून वारा यायचा, आणि घोषणा करणाऱ्या बाईचा सूर शेवटी वर चढला, की उतरायचं.

आणि ते शहर तर स्वतःच्याच डोक्यावर उभं. नकाशा म्हणायचा, पोचलात. पोचलेलं असायचंच, फक्त हवं ते घर दहा मजले खाली असायचं. आपण उभे तो रस्ता म्हणजे कुणाचं तरी छप्पर. एकदा अशीच ती फोन गरागरा फिरवत उभी असताना संत्री विकणारी एक बाई टोपली तशीच टाकून आली, फोनवरचा पत्ता पाहून तिने नीलांबरीची बाही धरली, आणि जिना, मग लिफ्ट, मग एका कपड्यांच्या दुकानाच्या पुढच्या दारातून मागच्या दारात, पुन्हा जिना, सगळा वेळ बोलत, जणू नीलांबरीला सगळं कळतंच आहे. हव्या त्या फाटकाशी बाही सोडली आणि आभारांची वाट न पाहता वर चढून गेली.

लाज वाटली होती का मला? छे. भूक लागली होती, एवढं आठवतं. परक्या माणसाला अडाणी असायची मुभा असते. त्याला काय दिसत नाही, असं कोण विचारतं?

इथे तशी मुभा नाही. इथे आपण वीस वर्षं जुने. पुण्याहून नवीन कुणी आलं की शाळा कुठली, डेंटिस्ट कुठला, हिंग कुठे मिळतो, हे आपल्याला विचारतात. इथे मी वाट सांगणारी...

थांब्यापुढे एक लाल गाडी येऊन उभी राहिली आणि काच खाली झाली.

"अगं नीलांबरी, इथे काय उभी?"

चेहऱ्याच्या जागी वाफ, पण आवाज कांचनचा. मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमी हिच्याच गराजमध्ये व्हायच्या.

"गाडी सर्व्हिसिंगला दिलीय."

"मग फोन करायचास. बसस्टॉपवर उभं राहायला आपण काय स्टुडंट आहोत? चल, सोडते."

"तुला उलटं पडेल."

"पडू दे. इथे बसने कोण जातं गं? तुझं कंपोस्ट झालं, सोलर झालं, आता हे. उद्या बैलगाडी काढशील."

नीलांबरी हसली. तिचा हात गाडीच्या दारावर गेलाही होता. आत गार हवा असेल, बडीशेपेची डबी असेल, नाटकात कुणाला कुठली भूमिका यावरून रुसवे असतील, आणि ऑफिसच्या दारात उतरता येईल. संध्याकाळी देवदत्त विचारेल, जमलं? म्हणायचं, जमलं. उद्याही कुणीतरी भेटेल. परवाही... आणि मग एक दिवस भेटणार नाही—

मागून लांबलचक हॉर्न वाजला. कांचनची गाडी बसच्या जागेत होती.

"थांब रे बाबा," कांचन आरशाला म्हणाली. "बस लवकर, तो भडकलाय."

"तू हो पुढे," नीलांबरी म्हणाली आणि तिने दारावरचा हात काढला. मागच्या मोठ्या राखाडी आकाराकडे ती चालत गेली. दार फुस्सकन उघडलं. नंबर याही वेळी नव्हता. लाल गाडी मात्र हलली नव्हती. काच अजून खालीच असणार.

"ही कुठली बस?" तिने इंग्रजीत विचारलं. "बार्ट स्टेशनला जाते?"

"समोर लिहिलंय, मॅम," ड्रायव्हर म्हणाला. उद्धटपणे नाही, थकून.

"मला दिसत नाही."

नीलांबरीला वाटलं होतं त्यापेक्षा ते मोठ्याने निघालं.

"ओह," तो म्हणाला. "जाते, जाते. इथे पुढेच बसा. आलं की सांगतो."

मागून कांचनची हाक आली, "नीलांबरी?" दार मिटलं.

बसल्यावर पर्समधला फोन थरथरू लागला. कांचनच. उचलला तर तेच वाक्य मराठीत म्हणावं लागेल, आणि मराठीत ते तिने अजून कुणालाच म्हटलं नव्हतं, स्वतःलाही नाही. संध्याकाळपर्यंत मंडळभर होईल. डबे येतील. कुणाच्या तरी मावसदिराचा कोथरूडमधला वैद्य निघेल, सगळे हळू आवाजात, जवळ येऊन बोलतील, आन्या वैतागेल. ऑफिसातही सांगावं लागेल, आजच कदाचित. सांगितल्यावर ते काय म्हणतील... फोन थांबला. पुन्हा थरथरला.

बस वळली. कुठलं वळण हे? इतकी वर्षं चालवलेला हाच रस्ता, पण या उंचीवरून, या बाजूने तिला त्यातलं काहीच ओळखू येईना. तिने समोर पाहत राहायचं ठरवलं, आणि समोरच्या वाफेच्या दोन्ही अंगांनी कुंपणं, कुणाचा कुत्रा, पाइप धरून झाडांना पाणी घालणारा म्हातारा, उन्हात वाळत घातलेला एक सलवार-कमीज, असं सगळं कडेकडेने येत आणि जात राहिलं. ड्रायव्हर सांगेन म्हणाला होता. विसरेलही. विसरला तर मागच्या सीटवरच्या मुलीला विचारायचं. तिला माहीत नसेल तर तिच्या पलीकडे कुणी असेलच.

भीती होतीच. ती गेली नव्हती, जाणारही नव्हती एवढ्यात. फक्त त्या भीतीत हळूहळू दुसरंही काहीतरी मिसळू लागलं—नव्या गावातल्या पहिल्या सकाळी, कुठे काय आहे ते काहीच ठाऊक नसताना लागते, तशी भूक.

थांबा आला. हा असेल? नसेल? कुणीतरी चढलं आणि तिच्या शेजारी येऊन उभं राहिलं. नीलांबरीने चेहरा न वळवता सरकून जागा केली.