धुतलेली वाटी

माझं काम जंतूंचं खानदान काढायचं. रक्तातला जंतू वाढवायचा, त्याचा जीनोम मशीनवर अक्षर न् अक्षर वाचायचा, की तो कोणाचा कोण आणि कुठल्या औषधाला भीक घालत नाही, सगळं कळतं. एरवी मी हे चहा पीत करते. त्या दुपारी मात्र माझं बूड खुर्चीला टेकत नव्हतं. मशीनमधला जंतू माझ्या भाचीच्या रक्तातला होता.

भाची म्हणजे धाकटीची पोर. दिवस भरायच्या आधीच आली, ओंजळीत मावेल एवढी. खालच्या मजल्यावर काचेच्या पेटीत होती. धाकटी वाटीत दूध काढून द्यायची, नर्स ते नळीनं पाजायची. बरं चाललं होतं, आणि एका सकाळी पोर निपचित पडली. एकेक औषध हरत गेलं.

"दोनच उरलीत," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. "एक सौम्य आहे, पण ह्या जंतूकडे त्याच्यावरचा तोडगा असला तर वेळ फुकट जाईल. दुसरं मूत्रपिंडांवर जाईल. कुठलं देऊ, तू सांग."

तू सांग! म्हणायला काय जातंय!

मी मशीनपुढे येरझाऱ्या घालत होते, तेवढ्यात आईचा फोन.

"झालं का गं?"

"आई, मी ओरडले म्हणून मशीन जोरात पळणार आहे का?"

"त्या नर्सचंच काम हे. हात धूत नाही मेली. मोठ्या डॉक्टरांना सांगून मी तिला तिथून हलवायला लावलंय."

खरं तर मलाही तेच वाटत होतं. कोणावर तरी राग काढायचा होता, आणि ती नर्स हाताशी होती.

संध्याकाळच्या आत जंतूची जनुकं पडद्यावर आली. सौम्य औषधाला हरवणारं जनुक शोधलं. पुन्हा शोधलं. नव्हतं! "सौम्यच द्या!" मी फोनवर एवढ्यानं ओरडले की शेजारच्या खोलीतून माणसं डोकावली.

पोरीनं औषध घेतलं. हळूहळू हातपाय हलवायला लागली. पण माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता, कारण जंतू आला कुठून ते कळलं नव्हतं. असं झालं की आम्ही त्या खोलीतलं सगळंच तपासतो. नर्सचे हात, पेटीची दारं, भांडी, नळ. त्या सगळ्यांचे जंतूही मशीनवर गेले, आणि खानदान बाहेर आलं. नर्सच्या हातांवर काही नव्हतं. पोरीच्या जंतूचे सख्खे भाऊ कोपऱ्यातल्या बेसिनच्या जाळीत बसले होते. आणि दुधाच्या वाटीत.

"वाटी तर उकळून येते," मी धाकटीला विचारलं. "तिला बेसिन कुठून लागलं?"

"आई धुते ना. दर वेळी. नर्सच्या हातांचा भरवसा नाही म्हणते." बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. "ताई, आईला नको सांगूस. ती जिवाला लावून घेईल गं."

मला तर सांगायचंच नव्हतं. पण आईचा स्वभाव मला माहीत आहे. शहाणपण एकटीपाशी ठेवेल तर ती आई कसली! शेजारच्या पेट्यांच्या बायकांनाही तिनं तेच शिकवलं होतं. त्याही बेसिनवर वाट्या घासत होत्या.

मी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि सांगून टाकलं. पाणी जाळीवर आपटतं, शिंतोडे उडतात, ते वाटीत जातात.

"पण मी तर चांगली घासून धुवत होते," ती म्हणाली.

"तेच तर!" माझ्या तोंडून निघून गेलं. वाईट वाटलं, पण गेला शब्द काय परत येतोय?

आईनं स्वतः जाऊन नर्सला परत आणवलं. माफी कशी मागितली ते मला माहीत नाही, मी तिथे थांबले नाही.

पोर पेटीतून बाहेर निघाली त्या दिवशी नर्सनं तिला दुपट्यात गुंडाळून आईपुढे धरलं. "घ्या आजी. आता चालेल."

कधीपासून ह्याच क्षणासाठी झुरणारी आमची आई जागची हलली नाही. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"तुम्हीच घ्या, बाई," ती म्हणाली. "तुमचे हात चांगले आहेत."