रविवारच्या चर्चेचा विषय

सेत्सुको ओगाता ही तशी राजनिष्ठ बाई. भूकंपानंतर सम्राट आणि सम्राज्ञी निवाऱ्यातल्या म्हाताऱ्यांसमोर गुडघे टेकून बसलेले टीव्हीवर दिसले, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. त्यामुळे या भानगडीत तिनेच सापडावं, याचं तिच्या नवऱ्याला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

समुद्रकाठच्या तिच्या छोट्या गावात नगरपालिकेचं एक सभागृह होतं आणि सेत्सुको त्याची व्यवस्थापक होती. तिथे फुलांची मांडणी शिकवायचे, म्हाताऱ्यांचे व्यायाम चालायचे, कोळी लोकांच्या बैठका व्हायच्या. निवृत्त झालेले कुराता मास्तरही दर महिन्याला चटयांची खोली मागायचे. चार-सहा वयस्क माणसं जमून वर्तमानपत्रातल्या एखाद्या विषयावर बोलायची, चहा प्यायची आणि घरी जायची. राजघराण्यात मुलगे फारसे उरले नाहीत आणि मुलींना गादी मिळत नाही, यावरून तेव्हा देशभर चर्चा चालू होती. मास्तरांनी विषय दिला, ‘लोकशाहीत सम्राट असावा का?’ शहरातल्या विद्यापीठातले एक प्राध्यापकही बोलायला येणार होते. सेत्सुकोने नेहमीप्रमाणे विषय दाराबाहेरच्या फलकावर लिहिला आणि विसरून गेली.

कोणीतरी त्या फलकाचा फोटो काढून इंटरनेटवर टाकला.

आधी नुसतेच फोन आले. उचलला की पलीकडे कोणीतरी श्वास घेत असायचं, मग फोन बंद. सेत्सुकोला वाटलं, पोरांचा चावटपणा असेल. पण एका दुपारी एक आवाज बोलला. मऊ, अदबशीर, बँकेतल्या माणसासारखा.

“ओगाताबाई, आपल्याला त्रास देतोय, क्षमा करा. आपल्या दारात संत्र्याचं झाड आहे ना? यंदा फार छान लगडलंय.”

एवढं बोलून त्याने फोन ठेवला. त्याने शिव्या दिल्या असत्या, तर सेत्सुकोला एवढं काही वाटलं नसतं. घर बंदराच्या मागच्या गल्लीत होतं, तिथून वाट चुकूनही कोणी जात नसे. म्हणजे हा माणूस मुद्दाम येऊन, दारात उभा राहून झाड बघून गेला होता.

ती साहेबांकडे गेली. नगरपालिकेतले मियाके साहेब माणूस वाईट नव्हते, पण अंगाशी येणाऱ्या प्रकरणाचा त्यांना लांबूनच वास यायचा. कार्यक्रम रद्द करा असं त्यांनी सांगितलं नाही, कारण उद्या कोणी म्हणालं असतं की नगरपालिकेने चर्चा दाबली. करा असंही म्हणाले नाहीत. खोली देणं-न देणं व्यवस्थापकाच्या अखत्यारीत येतं, एवढं सांगून त्यांनी हात झटकले आणि तिला दारापर्यंत पोचवायला आले, तेवढं मात्र अगत्याने केलं.

दुसऱ्या दिवसापासून काळ्या गाड्या आल्या. मोठ्या, भोंगे लावलेल्या, जुन्या लष्करी गाण्यांचा दणदणाट करणाऱ्या. कट्टर राष्ट्रवादी संघटनांच्या अशा गाड्या तिने शहरात पाहिल्या होत्या, पण त्या दुसऱ्या कोणासाठी तरी असायच्या. आता त्या तिच्या सभागृहाला फेऱ्या घालत होत्या आणि भोंग्यातून तिचं नाव येत होतं. देशाचं मीठ खाऊन देशाच्या मुळावर उठलेली बाई, ओगाता सेत्सुको. फुलांच्या वर्गातल्या बायका मान खाली घालून निघून गेल्या आणि पुढच्या वेळी आल्याच नाहीत. चौकीवरचा पोलीस येऊन म्हणाला, रस्ता सगळ्यांचा आहे, आवाज मर्यादेपेक्षा वाढला तर बघू.

सेत्सुकोचं जेवण सुटलं. रस्त्यात मागे पावलं वाजली की ती दुकानात शिरायची आणि नको असलेलं काहीतरी विकत घ्यायची. एकदा घरी एक खोकं आलं. पाठवणाऱ्याचं नाव भिजून पुसलं गेलेलं. ती आणि तिचा नवरा काझुओ अंगणात उभे राहून लांबूनच त्या खोक्याकडे बघत राहिले. शेवटी काझुओने पोलिसाला बोलावलं, त्याने लांब काठीने झाकण उघडलं, तर आत नणंदेने पाठवलेलं मुळ्याचं लोणचं निघालं. पोलीस हसला, काझुओही हसला. सेत्सुकोला मात्र हसता हसता रडू फुटलं आणि काही केल्या थांबेना.

“अगं, नाही म्हणून सांग मास्तरांना,” काझुओ त्या संध्याकाळी म्हणाला. “सम्राट असावा असंच तुला वाटतं ना? मग दुसऱ्याच्या प्रश्नासाठी तू का जीव मुठीत धरून जगतेस?”

“मीही तेच विचारतेय स्वतःला.”

“मग?”

“अहो, मला आता कळतच नाही, मला सम्राट हवा आहे की मी नुसती घाबरलेय.”

ती मास्तरांकडे गेली ती खरं तर नाही म्हणायलाच. मास्तरांनी दार उघडलं ते आधी फटीतून कोण आहे ते बघून. त्यांनाही फोन येत होते. ते म्हणाले, बाई, तुम्ही नाही म्हणालात तर मी तुम्हाला दोष देणार नाही, उलट मला रात्री झोप लागेल. त्यांनी हट्ट धरला असता तर सेत्सुकोने नकार दिला असता. पण त्या म्हाताऱ्याला आपल्यासारखंच भ्यालेलं बघून तिच्या तोंडून नकार निघेना. खोली रविवारी दुपारी उघडी असेल, एवढं बोलून ती परतली आणि वाटभर स्वतःला शिव्या देत राहिली.

रविवारी सकाळी प्राध्यापकांचा फोन आला. घरात लहान मुलं आहेत, बायको नको म्हणते, समजून घ्या. सेत्सुकोने समजून घेतलं.

तरी दुपारी माणसं आली. मास्तर आले, न्हावी शिमोदा आला, नव्वदीला टेकलेल्या हामादा आजी काठी टेकत आल्या, नेहमीची आणखी दोघं-तिघं आली. बाहेर गाड्यांनी गाणी लावली होती, काचा थरथरत होत्या. सेत्सुको चहा ओतत होती, तेवढ्यात दारात एक तरुण माणूस उभा राहिला. करडा सूट, केस नीट विंचरलेले. त्याने बूट काढून टोकं दाराकडे करून ठेवले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “बसलं तर चालेल ना?”

तोच आवाज. सेत्सुकोच्या हातातली किटली कलली आणि चटईवर चहा सांडला. तिने फडकं आणलं. पण पुसायला तोच पुढे झाला. तिच्या अगदी जवळ, गुडघ्यावर बसून त्याने चटई कोरडी केली, फडक्याची घडी घातली आणि दाराजवळ जाऊन बसला. ओरडावं, पोलिसाला बोलवावं, सगळ्यांना पळा म्हणावं, असं तिला वाटलं. पण सांगणार काय? या माणसाने माझ्या झाडाचं कौतुक केलं होतं?

मास्तरांनी सुरुवात केली. वक्ता नाही, तेव्हा आपणच बोलू, असं म्हणाले. गाण्यांमुळे सगळ्यांना जवळ सरकून बसावं लागलं. शिमोदा म्हणाला, मंत्री येतात-जातात, खातात-पितात, निदान एक माणूस तरी पक्षाबाहेरचा हवा. पण मग तोच म्हणाला की त्या घरातल्या लोकांची दया येते. मत देता येत नाही, धंदा निवडता येत नाही, बोलता येत नाही, त्यांच्यासाठी तरी ही गादी मोडावी. हामादा आजी म्हणाल्या, माझा थोरला भाऊ सम्राटाचं नाव घेऊन लढाईला गेला, परत आला नाही. आई रोज सकाळी भावाच्या फोटोला हात जोडायची, मग सम्राटाच्या. आईला मी कधी विचारलं नाही, तिला राग येत नाही का म्हणून. आता कोणाला विचारू?

मग दाराजवळचा तरुण बोलला.

“आजी, आपल्या दुःखाला माझा नमस्कार. पण मला एक सांगा, घरात आई असावी का नसावी, अशी चर्चा कोणी करतं का? काही गोष्टी मतं मोजून ठरत नाहीत. त्या असतात म्हणून आपण असतो.”

तो काही खोटं बोलत नव्हता, त्याला ते मनापासून वाटत होतं, आणि सेत्सुकोला तेच जास्त भयंकर वाटलं. मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

“मलाही सम्राट असावा असंच वाटतं,” ती म्हणाली. “लहानपणापासून वाटतं. पण तुमचा फोन आल्यापासून मला जेवण जात नाही. आईबद्दल कोणी काही विचारलं तर मी उत्तर देईन. विचारणाऱ्याचं घर बघून येणार नाही.”

सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीच हललं नाही, फक्त कान लाल झाले. त्याने चहाचा पेला खाली ठेवला, आधी केला होता तसाच वाकून नमस्कार केला, बूट घातले आणि गेला. थोड्या वेळाने बाहेरची गाणी थांबली. ती शांतता भोंग्यांपेक्षा अवघड होती. आता काय होणार, म्हणून सगळे कान देऊन बसले. काहीच झालं नाही. चर्चा पुढे नीट झालीच नाही. आजींना घरी पोचवायचं होतं. सगळे एकत्रच निघाले, एकमेकांना घराघरापर्यंत सोडत.

गाड्या पुन्हा आल्या नाहीत. फोनही आले नाहीत. मात्र मार्च महिन्यात सेत्सुकोच्या नोकरीचा वर्षाचा करार संपला, तो नगरपालिकेने वाढवला नाही. मियाके साहेबांनी खर्चकपातीचं कारण दिलं आणि तिच्या डोळ्यांत बघायचं टाळलं. सभागृहाला नवा नियम लागला, वादग्रस्त विषयांना खोली मिळणार नाही. वादग्रस्त कशाला म्हणायचं, ते त्यात लिहिलेलं नव्हतं.

मास्तरांची मंडळी आता त्यांच्याच घरी जमते आणि सेत्सुको तिथे जाते. तिथे सम्राटाची बाजू घेणारी ती एकटी. शिमोदा तिला चिडवतो, राजवाड्यातून पगार येतो का हो तुम्हाला, म्हणून. ती त्याच्याशी कडाकडा भांडते. आपल्याला इतकं बोलता येतं, हे तिला आधी ठाऊक नव्हतं. मग काळोख पडायच्या आत उठते. काझुओ न्यायला आलेला असतो. तो पुढे आणि ती मागे असं त्यांचं चालणं पहिल्यापासूनचं, पण हल्ली तो तिला पुढे घालतो आणि स्वतः मागून येतो. पावलं त्याचीच आहेत, हे माहीत असूनही ती अधूनमधून वळून बघते.