अकरा कोयते

घर विकत घेणाऱ्यानं प्लॉट बघू नये, महिना बघावा, असं माझं मत झालंय. आता हे मत घर विकायला निघालेल्या माणसाचं आहे, तेव्हा ते मी कुणाला सांगत नाही.

आमचं गोकुळनगर पालमच्या बाहेर, मोठा रस्ता सोडून आत. नकाशात बगीचा दाखवलाय. तिथं वेड्या बाभळी आहेत आणि खाली मेंढ्या बसतात. नळाला पाणी आठव्या दिवशी, तेही आलं तर. नाली गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि तिथंच दमली. मी तीस वर्षं वायरमन होतो, म्हणून गल्ली मला वायरमन मामा म्हणते. लाईट गेली की अजूनही मलाच हाका मारतात, जणू काही मी ती खिशात घालून रिटायर झालोय.

याचा मला वैताग नाही. माणूस सगळ्याला सरावतो. पण माझ्या बायकोच्या, दैवशालाच्या, किडन्या गेल्यात. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला डायलिसिसला परभणीला न्यावं लागतं. पहाटेच्या यष्टीनं निघायचं, दिवेलागणीला परत यायचं. येताना ती खिडकीला डोकं टेकवून बसते आणि गंगाखेड सुटल्यावर एक शब्द बोलत नाही. डॉक्टर म्हणाले, दवाखान्याजवळ राहा, एवढ्या हेलपाट्यानं बाई टिकायची नाही. म्हणजे हे घर विकायचं आणि परभणीत दोन खोल्या बघायच्या. दीड वर्ष झालं, घर विकलं जात नाही.

गिऱ्हाईक आलंच नाही असं नाही. मागच्या पौषात दोघं येऊन गेले. गल्लीत शिरले, दोन्ही बाजूंची कुलपं बघितली आणि चहासुद्धा न घेता माघारी फिरले. त्यांचं काय चुकलं? माझ्या गल्लीत बारा घरं आणि त्यातली अकरा ऊसतोडीला जाणाऱ्यांची. दसरा झाला की ट्रकात भांडीकुंडी, लेकरं, शेळ्या घालून मंडळी कारखान्यावर जातात, ती पाडव्याला परत. मधले सहा महिने गल्लीत मी, दैवशाला आणि कुत्री. म्हणून यंदा मी शहाणा झालो. गिऱ्हाइकाला दसऱ्याच्या आधी बोलावलं. पितृपक्ष चालू होता. त्यात कुणी घर घेत नाही, पण बघायला बंदी नाही.

आदिनाथ नाव त्याचं. मूळ घराणं राणीसावरगावचं, पण बाप पुण्याकडं कंपनीत लागला आणि हा वाढला भोसरीत. बरोबर बायको होती, राजेश्री.

"आईला म्हातारपणी आपल्या मुलखात राहायचंय," आदिनाथ म्हणाला. "एकटीच राहील. आम्ही सणावाराला येऊ. त्यामुळं घर लहान असलं तरी चालेल काका, पण शेजार पाहिजे."

शेजार! त्या दिवशी गल्लीत शेजार मावत नव्हता. दसऱ्याचं धुणं निघालं होतं. भिंतीभिंतीवर वाकळा वाळत होत्या, बायका एकमेकींना पिळायला हाका मारत होत्या, लेकरांचा नुसता कालवा. समोरच्या घरची चंदा न सांगता चहा घेऊन आली. दैवशाला आत पडून होती, तिची वेणी घालून गेली. राजेश्रीचा चेहरा खुलला. आदिनाथ म्हणाला, "घट बसले की येतो आणि विसार देऊन जातो." मी मनातल्या मनात परभणीची खोली झाडूनसुद्धा घेतली.

तेवढ्यात चंदाचा नवरा रामकिशन आला आणि पायरीवर टेकला. माणूस लाख चांगला, पण बोलायला लागला की लगाम नाही. राजेश्रीनं सहज विचारलं, "दादा, इथं भीती वगैरे नाही ना? आमच्या सासूबाई एकट्याच असणार."

रामकिशननं छाती फुगवली. "भीती कशाची ताई? ह्या एका गल्लीत अकरा कोयते हायती! आमची टोळीच हाय. मुकादम बी हितंच ऱ्हातो. कोन येतंय वाकड्या नजरंनं बघायला?"

राजेश्रीनं कप खाली ठेवला. तिनं नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं घड्याळाकडं. पुण्याकडं कोयता म्हटलं की काय समजतात ते मी टीव्हीवर रोज बघतो. भर रस्त्यात नाचवतात, गाड्या फोडतात. रामकिशनला त्याचा काय पत्ता? तो आपला खुशीत हसत होता.

"बरं काका, कळवतो," म्हणत आदिनाथ उठला. दोघं जवळजवळ पळतच गाडीपाशी गेले.

मी मागं धावलो. हातातोंडाशी आलेला घास असा एका शब्दापायी जाऊ द्यायचा?

"अहो, तसलं नाही काही! कोयता म्हणजे जोडी. नवरा-बायकोची जोडी. आमच्याकडं ऊस तोडणाऱ्या जोडीला एक कोयता म्हणतात. अकरा कोयते म्हणजे अकरा संसार. गरीब माणसं आहेत हो!"

राजेश्री आधी माझ्याकडं बघत राहिली आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आदिनाथही हसला. मीही हसलो. मग हसता हसता त्यानं विचारलं, "म्हणजे हे लोक ऊसतोडीला जातात? कधी जातात?"

"जातात आपले मधून मधून," मी म्हणालो. हे उत्तर मी महिनाभर घोकून ठेवलं होतं.

"दसरा झाला की जातेत."

मागं वळून बघितलं तर दैवशाला दाराची चौकट धरून उभी. "पाडव्याला येतेत. सहा म्हैने गल्लीत आमी दोघंच असतो."

"आणि तुम्ही गेल्यावर?" आदिनाथनं विचारलं.

"मग तुमची आई," दैवशाला म्हणाली.

त्यानं मान हलवली, दैवशालाला नमस्कार केला आणि गाडीत बसला. या वेळी कळवतो असंही म्हणाला नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं? मला काय हौस आली घर विकायची? दोन दिवस गप बसली असतीस तर तोंड दुखलं असतं का?"

ती हळूच पायरीवर बसली. "माघात मी न्हाणीत पडले हुते. याद हाय का?"

आठवत होतं. मी बँकेतून आलो तेव्हा ती न्हाणीच्या उंबऱ्याशी ओल्या लुगड्यात बसली होती. आत्ताच पाय घसरला, म्हणाली होती.

"आत्ताच न्हाई. तुमी गेल्या गेल्या पडले. लय हाका मारल्या. चंदाला मारली, समद्यांची नावं घेऊन मारल्या. समदे कारखान्यावर हायती हे ठावं हुतं, तरी मारल्या. मला निदान तुमी येणार हे ठावं हुतं. त्या म्हातारीकडं कोन येणार?"

माघातल्या त्या दिवशी बँकेतलं काम अर्ध्या तासात उरकलं होतं. मग मी चौकात गरम भजी खाल्ली, वीजखात्यातला एक जुना सोबती भेटला, त्याच्याबरोबर दोन तास बसलो. घरी जाऊन त्या कुलपांकडं बघायचा कंटाळा आला होता, म्हणून बसलो. हे मी तिला तेव्हा सांगितलं नव्हतं. आताही माझ्याच्यानं सांगवलं नाही.