नाल्याकडचा कोपरा

माझ्या शेतात मारुती आहे, हे मला जनकाबाईकडून कळलं, तेही तिचं बीपी मोजताना.

मी रिबेका किहीमकर, कोकणातल्या बेने इस्रायल घरातली ज्यू बाई. सरकारी नर्स म्हणून जानेफळला आले, निवृत्त झाले आणि थोडं शेत घेऊन इथेच राहिले. गाव मला सिस्टर म्हणतं. आमच्या धर्मग्रंथाचं, तोराचं, वाचन आठवड्यांत वाटून दिलेलं असतं. दर शनिवारी एक भाग. वर्षात सगळं संपलं की पुन्हा पहिल्यापासून. इथं ना आमचं प्रार्थनाघर, ना दुसरं ज्यू कुटुंब. मी एकटीच ओसरीवर बसून मोठ्यानं वाचते. नुसतं वाचून मिटून ठेवायचं असेल तर त्यापेक्षा पेपर वाचावा, असं माझं स्पष्ट मत आहे. वाचलेल्यातलं काहीतरी त्या आठवड्यात हातून घडलंच पाहिजे.

त्या शनिवारचा भाग शेताच्या कोपऱ्याचा होता. पीक काढताना कोपरा राखायचा, सांडलेलं उचलायचं नाही. ते गरिबाचं आणि परक्याचं. इथल्या बाया पीक निघाल्यावर मागे राहिलेला सरवा वेचतात, तसंच. फक्त आमच्यात मालकानं मुद्दाम कोपरा सोडायचा, आणि तो कुणी घ्यावा हे ठरवायला जायचं नाही. मी दर वर्षी नाल्याकडचा कोपरा सोडते. पण गेल्या उन्हाळ्यात तिथला भुईमूग कुणी उपटलाच नाही. रानडुकरांचं फावलं.

शनिवारी मी कामाला हात लावत नाही, पण आजाऱ्याला परत पाठवत नाही. जनकाबाईच्या दंडाला पट्टा बांधता बांधता मी विचारलं, "उद्या भुईमूग निघतोय. यंदा तरी सरव्याला येशील ना?"

"नाई," ती म्हणाली. "तो कोपरा मारुतीचा हाय म्हने. तुमच्या हरिओमनं सांगतलं, बायांनो लांब राहा. आमी बुद्धाचे लोकं, मारुतीच्या वाट्याले काऊन हात लावू? उद्या कोनाचं काई झालं त बोंब आमच्याच नावानं."

जनकाबाई एकटी, मजुरीवर जगणारी. त्या शेंगांचं तेल तिला पावसाळाभर पुरायचं. तिचं बीपी ठीक निघालं, माझं मात्र चढलं.

रविवारी सकाळी शेतात गेले. कोपऱ्यात शेंदूर फासलेला दगड, वर रुईच्या पानांची माळ. माझं शेत हरिओम बटईनं करतो, म्हणजे पीक अर्धं त्याचं, अर्धं माझं. त्याला हाक मारली.

"हे काय आहे?"

"तुमचाच मारुती, सिस्टर. तुमी शनिवार कडक पाळता. पेरणीले याच कोपऱ्यात पदर घेऊन काईतरी पुटपुटता, अन् इथलं पीक काढू देत नाई. मंग मारुतीच न? म्या फक्त दगड आनून ठेवला."

मला हसू आलं आणि रागही आला. मूर्ती न पूजणाऱ्या आमच्या घराण्यात मी मारुतीवाली निघाले होते. पण पोरानं ते मायेनं केलं होतं. दगड मीच उचलून ठेवला असता, तर त्याच्या जिव्हारी लागलं असतं. शेंगा उपटून मीच जनकाबाईकडे पोचवल्या असत्या, तर ती भीक झाली असती आणि तिनं टोपली माझ्या दारात परत आणून आपटली असती. बरोबरच केलं असतं. कोपरा तिच्याच हातानं निघायला हवा होता, आणि तो निघाल्याशिवाय घरी जायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

"हा कोपरा तुझ्या मारुतीला राहू दे," मी म्हटलं. "शेताला आणखी तीन आहेत. तिन्ही सोड."

त्याचा चेहरा उतरला. "मंग बटईत मले काय राह्यलं?"

"माझ्या वाट्यातून धर. पण तिन्ही सुटतील. आणि बायांना तू अडवलंस, तर बोलवायलाही तूच जायचं. त्यांच्या वस्तीत."

"लोकं काय म्हनतीन, सिस्टर?"

"म्हणू देत. मी इथे बसलेय."

आणि मी उन्हात बांधावर बसले. हरिओम येरझारा घालत राहिला. अर्धा कोपरा सोडू का, म्हणून विचारून गेला. संध्याकाळी सांगतो म्हणाला. मी जागची हलले नाही. शेवटी त्यानं दगडाला हात जोडले, दोन्ही हातांनी तो उचलला आणि बांधावरच्या निंबाखाली नेऊन ठेवला.

"तुमचे तीन कोपरे काऊन घालवू? मारुती सावलीत बरा राहीन," असं म्हणत त्यानं मोटरसायकल काढली.

जनकाबाई आली ती आणखी दोघी बायांना घेऊन. कोपऱ्याजवळ थांबून तिनं सगळ्यांदेखत हरिओमला विचारलं, "मारुतीले इचारलं का?"

"त्याले काय इचारू? म्याच उगाच बोललो होतो," तो खाली बघत म्हणाला. "कोपरा तुमचा हाय."

बायांनी पदर खोचले आणि वेल उपटायला सुरुवात केली. मला फार आनंद झाला. कडेच्या वेलांना शेंगा जास्त आहेत, हे सांगायला मी पुढे गेले.

जनकाबाईनं मान वर केली नाही. "सिस्टर, बांधावरच थांबा. आमच्या कोपऱ्यात पाय नका देऊ, शेंगा फुटतात."

मी मागे फिरले आणि निंबाखाली मारुतीशेजारी जाऊन बसले.